नानाकाकांच्या हॉलमधला सांडवा

तीर्थस्वरूप नानाकाका,


परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "काचेला भोक पाडायचं नाही, टाकी रिकामी करायची नाही, मासे हलवायचे नाहीत, मग पाणी खाली स्टँडमध्ये येणार कुठून?" मागून काकूंचा आवाजही आला, "आणि लाईट गेल्यावर फरशी कोण पुसणार?" प्रश्न दोन्ही रास्त, पण काकूंचा जास्त रास्त. दुकानदार पहिल्याचं उत्तर देतो, डबा काढून दाखवतो, किंमत सांगतो, आणि दुसऱ्यावर "काही होत नाही हो" म्हणून मोकळा होतो. हे आकड्यांचं काम आहे, फोनवर सांगून उपयोग नव्हता, म्हणून सविस्तर लिहिते. घरोघरी याच पेचात अडकलेले बरेच जण आहेत, तेव्हा चार लोकांनी वाचलं तरी हरकत नाही.

आधी भोकाबद्दल. तुमची चार फुटी टाकी स्थानिक कारागिराने साध्या काचा सिलिकॉनने चिकटवून केलेली आहे. साध्या काचेला भोक पडतं. हिऱ्याचे कण बसवलेलं गोल बिट, वरून पाण्याची बारीक धार आणि दाब न देणारा हात एवढं लागतं. टफन्ड काचेला मात्र पडत नाही. बिट टेकवून जरा आत गेलं की अख्खी काच खड्यांसारखी ढासळते. पण साध्या काचेलाही भोक पाडायला टाकी रिकामी आणि कोरडी लागते. चालू टाकी, तळाला वाळू, आत गोल्डफिश आणि त्यांना तात्पुरतं ठेवायला घरात दुसरी जागा नाही, अशा वेळी मी भोक सुचवणार नाही. पुढेमागे टाकी काही कारणाने रिकामी झालीच, तर मात्र क्षणभरही विचार न करता भोक पाडून घ्या. पाणी काचेवरून उतरवणारा लटकता डबा हा दुसऱ्या क्रमांकाचा उपाय आहे. दुसऱ्या क्रमांकाचा, पण खोटा नव्हे.

सम्प, म्हणजे खाली स्टँडमधली ती दुसरी टाकी, हवीच का, हेही विचारून घेते. शोभेसाठी असेल तर नको. पण गोल्डफिश खातात भरपूर आणि घाणही तितकीच करतात. त्यांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून पाण्यात अमोनिया येतो. जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग दुसरे जिवाणू नायट्रेट. या जिवाणूंना बसायला जागा आणि श्वासाला हवा लागते. काचेला चिकटवलेल्या एवढ्याशा फिल्टरात ती जागा नाही. खाली सम्प ठेवला की स्पंज, सिरॅमिक रिंगा, हवं ते ऐसपैस मावतं, एकूण पाणी वाढतं, हीटर-थर्मामीटर नजरेआड जातात आणि वरच्या टाकीची पातळी कायम तेवढीच राहते. पाण्यावर धरणारी ती तेलकट साय तर पहिल्याच दिवशी जाते, कारण पाणी वरच्या थरातूनच उतरतं. आणखी एक फायदा आपल्याकडच्या लोकांनाच कळेल. लाईट तीन-चार तास गेली तर बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरात प्राणवायू संपून जिवाणू गुदमरू लागतात, सम्प मात्र वरून उघडा असतो.

आता तुमचा प्रश्न. पाणी काचेच्या वरून उतरणार, सायफनने. पण हा तुमचा सायफन नव्हे. तुम्ही आयुष्यभर जे सायफन बांधलेत त्यांत कालवा नाल्याच्या खालून जातो. खाली जातो, दाबाखाली असतो, पलीकडे वर येतो. पाणचक्कीचं पाणीही मातीच्या नळांतून येऊन दाबानेच वर चढतं. तिथे नळात अडकलेली हवा बाहेर काढायला वाट ठेवली की काम झालं. इथे नळी उलटी आहे. ती पाण्याच्या पातळीपेक्षा वर चढते, काच ओलांडते आणि पलीकडे उतरते. तिच्या माथ्यावरचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे छिद्र पाडलंत तर हवा बाहेर जाणार नाही, उलट आत घुसेल आणि धार तुटेल. लहानपणी रॉकेलच्या डब्यातून बाटलीत काढताना तुम्ही नळी तोंडाने ओढायचात, तोच हा प्रकार.

नुसती नळी टाकून मात्र भागत नाही. नुसत्या नळीने लाईट गेल्यावर टाकी नळीच्या टोकापर्यंत रिकामी होईल, मग नळीत हवा भरेल, आणि लाईट आल्यावर पंप वर पाणी ढकलत राहील पण खाली काहीच येणार नाही. म्हणून दोन डबे असतात. एक टाकीच्या आत काचेला लटकलेला, त्याच्या वरच्या कडेला फणीसारखे दात. दुसरा काचेच्या बाहेर. दोघांना जोडणारी उलट्या यू आकाराची पारदर्शक नळी. बाहेरच्या डब्यात एक उभी आडभिंत किंवा उभा पाइप असतो, त्यावरून ओसंडलेलंच पाणी खाली सम्पकडे जातं.

दातांची ती कडा म्हणजे सांडवा, तुम्हाला वेगळं सांगायला नको. पाणी तिच्यावर चढलं तरच डब्यात पडतं, त्यामुळे टाकीची पातळी सायफन ठरवत नाही, सांडवा ठरवतो. पंप थांबला की पाणी दातांच्या तळापर्यंत उतरून थांबतं. आतल्या डब्यातलं पाणी त्यानंतरही नळीतून जात राहतं, पण बाहेरच्या आडभिंतीच्या पातळीला आलं की तेही थांबतं. नळीची दोन्ही टोकं त्या पातळीच्या खाली बुडालेली असतात, म्हणून नळी भरलेली राहते. लाईट आली, पंप सुरू झाला, आतली पातळी बोटभर वाढली की धार पुन्हा लागते. कुणी हात लावावा लागत नाही. खडकवासल्याला विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली बसवलेल्या, पूर आला की आपले आपण उघडणाऱ्या दरवाजांबद्दल तुम्ही ज्या उत्साहाने सांगायचात, त्या उत्साहाला इथे पुरेसा वाव आहे. फक्त इथे हलणारा भाग एकही नाही.

सांडव्याचं तुमचंच सूत्र लावून बघा. तुमच्या टाकीला ताशी दीड हजार लिटर पाणी फिरलं तरी पुष्कळ झालं. डबा वीतभर रुंद असला तरी दात वजा जाता मोकळी कडा साधारण १२ सेंटिमीटर मिळते. त्यावर पाणी सुमारे दीड सेंटिमीटर चढेल. पंप दुप्पट केलात तरी ते अडीचच्या आतबाहेर राहील, म्हणजे पंप जरा कमीजास्त झाला तरी टाकीची पातळी फारशी हलत नाही. नळीचं गणित मात्र इतकं दयाळू नाही. आतून एक इंच व्यासाच्या नळीतून ताशी दीड हजार लिटर जायला वेग पडतो सेकंदाला ८० सेंटिमीटर, आणि तेवढ्यासाठी दोन्ही डब्यांतल्या पातळीत पाच ते आठ सेंटिमीटरचा फरक लागतो. म्हणून बाहेरची आडभिंत दातांच्या किमान आठ-दहा सेंटिमीटर खाली हवी. नसेल तर आतला डबा तुडुंब भरेल, सांडवा बुडेल आणि टाकीची पातळी चढू लागेल. दुकानात डबा घेताना टेप घेऊन जा. डब्यावर छापलेल्या लिटरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

आता हवेकडे येते, कारण हा डबा दगा देतो तो इथेच. यू नळीच्या माथ्यावर दाब कमी असल्यामुळे पाण्यात विरघळलेली हवा तिथे बारीक बुडबुड्यांच्या रूपात सुटते. शिवाय दातांवरून पडणारं पाणी आपल्याबरोबर हवा ओढून आणतं, आणि एअर पंपाचा दगड डब्याजवळ असेल तर विचारूच नका. पाणी वेगात असेल तर हे बुडबुडे वाहून जातात. वेग कमी पडला तर ते माथ्याशी जमतात, एकमेकांत मिसळतात, आणि पारदर्शक नळीत वरच्या वळणाला चपटा, चकचकीत, थरथरणारा एक फुगा दिसू लागतो. तो रोज थोडा थोडा लांब होतो. त्याच्याखालून पाणी जात असतं तोवर सगळं ठीक वाटतं. ज्या दिवशी तो वळणाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरतो त्या दिवशी धार तुटते.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, "सुरक्षेसाठी" म्हणून दोन नळ्यांचा डबा घेऊ नका. पाणी तेवढंच आणि नळ्या दोन म्हणजे प्रत्येकीतला वेग निम्मा, ४० सेंटिमीटर, आणि दोन्हींत फुगा जमणार. तुमच्या पंपाला एकच नळी बरी. दुसरी, काही डब्यांत माथ्यावर बारीक नळी जोडून एका छोट्या पंपाने हवा सतत खेचून घेतात. कल्पना चांगली आहे, पण तो छोटा पंप बंद पडला तर आवाज होत नाही, दिवा लागत नाही. दहा-बारा दिवसांनी पाणी जमिनीवर आल्यावर कळतं. मला ते पटत नाही. त्यापेक्षा पारदर्शक नळी समोरून दिसेल अशी बसवा आणि सकाळी माशांना खाणं घालताना एक नजर माथ्याकडे टाका. तुम्ही पीव्हीसीचे एल्बो जोडून घरीच करण्याच्या विचारात असाल, हे मला माहीत आहे. पाणी त्यातूनही उत्तम जातं. पण पीव्हीसीतून आतलं दिसत नाही, आणि इथे दिसणंच महत्त्वाचं आहे.

तरीही धार कधी ना कधी तुटणार असं धरूनच चला. गोगलगाय शिरेल, वनस्पतीचं पान आडवं बसेल, नातू नळी हलवेल. धरणाचा सांडवा तुम्ही सरासरी पावसासाठी बांधत नव्हता, मग हा तरी का बांधावा? डबा बिघडला तरी पाणी फरशीवर येणार नाही, एवढी व्यवस्था आधीच करून ठेवायची. ती डब्यात होत नाही, सम्पच्या मापांत होते.

तुमची टाकी चार बाय दीड फूट, म्हणजे एक सेंटिमीटर पाणी म्हणजे साडेपाच लिटर. हा एक आकडा स्टँडच्या आत खडूने लिहून ठेवा.

पहिला प्रसंग, धार तुटली आणि पंप चालू. सम्पमध्ये आडभिंतींनी कप्पे केलेले असतात, त्या भिंतींमागचं पाणी जागच्या जागी राहतं. वर येतं ते फक्त पंपाच्या कप्प्यातलं, तेही पंपाच्या तोंडापर्यंतच. चालू पातळी काठापासून चार सेंटिमीटर खाली ठेवलीत तर वर जागा आहे २२ लिटरची. त्यातली पाव जागा राखीव ठेवू, म्हणजे साडेसोळा लिटर. पंपाचा कप्पा २० बाय ३० सेंटिमीटरचा केला आणि पंपाच्या तोंडावर २० सेंटिमीटर पाणी ठेवलं, तर ते होतं १२ लिटर. टाकीत सव्वादोन सेंटिमीटर चढेल आणि पंप कोरडा होऊन घरघरू लागेल. पंप बिघडेलही कदाचित. बिघडू दे. फरशी कोरडी राहील. दुकानदार म्हणेल, "कप्पा मोठा करा, रोज पाणी घालायचा त्रास नको." ऐकू नका. तो लहान कप्पा हाच तुमचा विमा आहे.

दुसरा प्रसंग, लाईट गेली. आता उलट होतं, पाणी वरून खाली येतं, आणि फसवतो तो डबा नाही, पंपाचा परतीचा पाइप. पंप थांबला की तोच पाइप सायफन होतो आणि त्याचं टाकीतलं तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खाली ओढतो. तोंड दहा सेंटिमीटर खोल असेल तर ५५ लिटर खाली येणार, सम्पची छाती नाही ते घ्यायची. तोंड पृष्ठभागाच्या दोनच सेंटिमीटर खाली ठेवलंत तर ११ लिटर, वर पाइपांतलं आणि डब्यांतलं थोडंफार. ७५ बाय ३० सेंटिमीटरच्या सम्पमध्ये हे सहा सेंटिमीटर चढेल. म्हणून सम्प चालू असताना वर दहा सेंटिमीटर मोकळे हवेतच. तोंड खोल ठेवायचंच असेल तर पाण्याच्या पातळीलगत परतीच्या पाइपला बारीक छिद्र पाडा, म्हणजे हवा शिरून ओढ तुटेल. पण ते शेवाळाने बुजतं, दर आठवड्याला काडीने साफ करावं लागतं. प्लंबर म्हणेल एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, लावा. लावायचा तर लावा, पण त्याच्या भरवशावर माप कमी करू नका. त्या झडपेत एक वाळूचा कण किंवा शेवाळाचा धागा अडकला की ती रात्रभर हळूहळू गळत राहते.

पंपाबद्दल थोडक्यात. खोक्यावर लिहिलेले ताशी लिटर हे पाणी अजिबात वर न चढवता मोजलेले असतात. त्याखाली एच-मॅक्स लिहिलेलं असतं, त्या उंचीला धार शून्य. तीन मीटर एच-मॅक्सचा पंप तुमच्या स्टँडच्या तळापासून टाकीच्या काठापर्यंत, म्हणजे सव्वा-दीड मीटर, चढवताना निम्म्यावर येतो. तेव्हा खोक्यावरचे तीन हजार घ्या. जास्त वाटला तर बॉल व्हॉल्व्ह परतीच्या पाइपवर बसवा. खाली उतरणाऱ्या पाइपवर व्हॉल्व्ह कधीही नको, कुणी कितीही सांगितलं तरी. उतरणारं पाणी अडवलं की डबा भरतो आणि मग वर सांगितलेलं सगळं फुकट.

आवाज होईल. बाहेरच्या डब्यातून पाणी हवेसकट गटागटा खाली जातं, आणि दुपारी कळलं नाही तरी रात्री हॉलमध्ये झोपणाऱ्याला कळतं. उभ्या पाइपवर टी बसवून तिचं वरचं तोंड झाकणाने बंद करा आणि झाकणाला बारीक छिद्र ठेवा, पाणी टीच्या आडव्या तोंडातून जाऊ द्या. छिद्र किती मोठं हे ऐकत ऐकत ठरवायचं. खाली सम्पमध्ये पाइपचं टोक पाण्यात इंचभरच बुडवा; खोल बुडवलंत तर पाइपमधल्या हवेला वाट मिळत नाही आणि ती बुडबुडत राहते.

उन्हाळ्याचंही सांगते. तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पाणी भराभर उडतं, आणि टाकीची पातळी सांडव्याने बांधलेली असल्यामुळे ते सगळं घटतं पंपाच्या लहान कप्प्यात. कप्प्याच्या काचेवर मार्करने दोन रेघा मारा, वरची कमाल आणि खालची किमान. रोज संध्याकाळी क्लोरीन घालवलेलं पाणी वरच्या रेघेपर्यंत. रेघेच्या वर मुळीच नाही, काकूंनी "एकदाच भरून ठेवू" म्हटलं तरी. पहिल्या प्रसंगाचं गणित त्या रेघेवर उभं आहे.

इन्व्हर्टरवर एअर पंप घ्या, मोठा पंप घेऊ नका. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर असे पंप गुणगुणतात आणि तापतात, आणि डबा लाईट गेल्या-आल्याने बिघडत नाहीच, तर मग बॅटरी का वाया घालवा.

सगळं बसल्यावर एक रविवार त्याला द्या. जुन्या चादरी पसरा. पंपाचा प्लग काढा, सम्प किती चढतो ते मार्करने नोंदवा, प्लग लावा, धार आपोआप लागते का पाहा. असं दहा-पंधरा वेळा, कधी लगेच, कधी अर्ध्या तासाने. मग दुसरा प्रयोग, जो कुणी करत नाही. यू नळी उचलून मुद्दाम हवा शिरू द्या, धार तोडा, आणि पंप चालू ठेवून समोर उभे राहा. टाकी कुठवर चढते ते बघा. काठाच्या आत थांबली तर काकूंना बोलावून दाखवा. नाही थांबली तर कप्प्यातली वरची रेघ खाली आणा आणि पुन्हा. हे दोन्ही होईपर्यंत गोल्डफिशचा जुना फिल्टर काढू नका. खरं तर नंतरही महिनाभर दोन्ही चालू द्या, सम्पमधल्या रिंगांवर जिवाणू बसायला तेवढा वेळ लागतोच. जुन्या फिल्टरातला स्पंज पिळून ते गढूळ पाणी सम्पच्या स्पंजावर ओतलंत तर जरा लवकर.

काकूंना नमस्कार. नातवाला सांगा, दातांच्या डब्यावर खाणं टाकायचं नाही, सगळं खाली वाहून जातं.

तुमची,
मीनू

ता. क. डबा आणायला जाण्याआधी दोन गोष्टी मोजून कळवा. टाकी आणि मागची भिंत यात किती बोटं जागा आहे? बाहेरच्या डब्याला चार ते पाच इंच लागतात, आणि भरलेली टाकी सरकवायची नाही, पाणी-काच मिळून चारशे किलोच्या आसपास वजन आहे ते. मागे जागा नसेल तर डबा डाव्या बाजूने लटकवू. दुसरं, वरच्या काठाला आतून काचेची पट्टी चिकटवलेली आहे का, आणि ती किती रुंद? ती कापायची नाही, टाकीच्या लांब काचा फुगू नयेत म्हणून असते. पट्टीचं माप आलं की कुठला डबा बसेल ते सांगते.